हॉटेल बंद करताना: शटर ओढण्याआधी आणि ओढल्यानंतर

‘हॉटेल बंद करून दीड वर्ष झालं, मग जीएसटीची नोटीस आत्ता कशी आली?’ ‘जागामालक अनामत परत करायला तयार नाही, काय करू?’ ‘वस्ताद सहा वर्षं कामाला होता, तो नुकसानभरपाई मागतोय. द्यावी लागते का?’ ‘कर्ज माझं, पण पतसंस्थेची नोटीस मेहुण्याच्या घरी गेली.’ कोल्हापुरातल्या हॉटेलवाल्यांचे असे प्रश्न वारंवार येतात. बहुतेकांचं मूळ एकच आहे. मालकाने शटर ओढलं आणि व्यवसाय बंद झाला असं धरून चाललं. पण जीएसटी, महापालिका, कामगार खातं, अन्न व औषध प्रशासन, महावितरण, बँक या प्रत्येकाच्या दप्तरी तुमचं हॉटेल तुम्ही लेखी कळवेपर्यंत चालूच असतं. विवरणपत्रं थकत राहतात, विलंब शुल्क चढत राहतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हॉटेल उघडायला भांडवल लागतं, तसंच ते बंद करायलाही लागतं. शेवटचा रुपया संपेपर्यंत रेटत राहिलेल्या मालकाकडे कामगारांचा हिशेब चुकता करायलाही काही उरत नाही. खरं नुकसान तिथे होतं. म्हणून हा लेख हॉटेल बंद पडलेल्यांपेक्षा, बंद करावं का या विचारात असलेल्यांसाठी जास्त आहे.

आधी बारा महिन्यांचा हिशेब बघा

मांसाहारी हॉटेल असेल तर निर्णय श्रावणात घेऊ नका. आखाडात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी रांग लागते, श्रावण लागला की टेबलं रिकामी होतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे महाद्वार रोड, भवानी मंडप परिसरातला धंदा वेगळाच असतो, उन्हाळी सुट्टीतला आणखी वेगळा. एका महिन्याच्या गल्ल्यावरून काहीच कळत नाही. सलग बारा महिन्यांची विक्री, माल, पगार, भाडं, वीज, गॅस आणि कर्जाचे हप्ते एका कागदावर मांडा. स्वतःची आणि घरच्यांची मजुरीही त्यात धरा. अनेक खानावळी केवळ आई आणि पत्नीच्या बिनपगारी कष्टांवर नफ्यात दिसतात.

हा हिशेब मांडून झाला की समोर साधारण चार वाटा असतात:

- जागा लहान करणं. टेबलं बंद करून फक्त पार्सल, डबे किंवा घरपोच ऑर्डर.
- चालतं हॉटेल विकणं. नाव, सामान, कामगार, गिऱ्हाईक यांसह. सामान सुटं विकण्यापेक्षा यात सहसा जास्त पैसे मिळतात.
- हॉटेल दुसऱ्याला चालवायला देणं.
- रीतसर बंद करणं.

यातल्या तिसऱ्या वाटेबद्दल सावध करायला हवं, कारण आपल्याकडे ती सर्रास वापरली जाते. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन हॉटेल कुणाला तरी ‘चालवायला’ दिलं जातं. परवाने मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहतात. मग उद्या अन्नातून विषबाधा झाली, कर बुडवला गेला, कामगाराला भाजलं, तर खात्याची नोटीस परवान्यावरच्या नावाने निघते. तुमच्यातला आपसातला करार खात्यावर बंधनकारक नसतो. शिवाय तुमच्या भाडेकरारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असेल, तर जागामालकाला तुम्हाला बाहेर काढायचं कारण आयतं मिळतं. चालवायला द्यायचंच असेल तर नोंदणीकृत करार करा, जागामालकाची लेखी संमती घ्या, आणि नव्या माणसाला त्याच्या नावाने अन्न परवाना व जीएसटी नोंदणी काढायला लावा. अन्न परवाना विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मालकाचा मृत्यू झाला तर वारसाच्या नावावर तो होऊ शकतो, एवढाच अपवाद.

बंद करायला किती पैसे लागतील?

तारीख ठरवण्याआधी ही बेरीज करा: कामगारांचे पगार, नोटिशीचा पगार, नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटी, मटण, चिकन, किराणा, दूध, भाजी, गॅस यांची थकलेली बिलं, जागेचं उरलेलं भाडं आणि दुरुस्ती, वीजबिल, पाणीपट्टी, घरफाळा, जीएसटी आणि व्यवसायकराची थकबाकी, कर्ज, सल्लागाराची फी. दुसऱ्या बाजूला येणं लिहा: जागेची अनामत, महावितरणची सुरक्षा ठेव, गॅस सिलिंडरची ठेव, सामानाची विक्री, झोमॅटो-स्विगीकडचं येणं, गिऱ्हाइकांची उधारी. उधारी वसूल होईलच असं धरू नका. दुकान बंद झाल्यावर उधारी देणारा गिऱ्हाईक क्वचितच घर शोधत येतो.

देण्याची बाजू जड निघाली तर काय विकायचं, कुणाकडे मुदत मागायची हे आत्ताच ठरवा. त्यासाठी साधारण तीन महिने हाताशी ठेवा.

कामगार: पहिला हक्क त्यांचा

कामगारांना शेवटच्या दिवशी सांगणं अन्यायाचं आहे, आणि नोटीस किंवा तिच्याऐवजीचा पगार न देता तसं करणं बेकायदाही. वेटर, आचारी, भांडीवाला यांच्यातले बरेच जण परगावचे, परराज्यातले असतात. राहायची खोलीही तुमचीच असते. हॉटेल बंद झालं की एकाच दिवशी त्यांचं काम जातं आणि डोक्यावरचं छप्परही.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. हॉटेल बंद करताना त्यातल्या या तरतुदी लक्षात ठेवा:

- नोटीस. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार. वर्षात 240 दिवस काम भरलं की ते सलग वर्ष धरलं जातं. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर सरकारलाही साठ दिवस आधी कळवावं लागतं. बहुतेक हॉटेलांना ही अट लागत नाही.
- नुकसानभरपाई. दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार.
- ग्रॅच्युइटी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलात पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला. कायदा एकदा लागू झाल्यावर कामगार दहाच्या खाली आले तरी तो सुटत नाही. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची, उशीर झाला तर व्याज लागतं.
- शेवटचा पगार. काम संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत. ‘सामान विकलं की देतो’ हे उत्तर चालत नाही.

उदाहरण घ्या. समजा, तुमच्या आचाऱ्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना 18,000 रुपये आहे आणि नोकरी सहा वर्षांची. नोटिशीचा पगार 18,000. नुकसानभरपाई 9,000 गुणिले सहा, म्हणजे 54,000. ग्रॅच्युइटी 18,000 ला 26 ने भागून, 15 ने आणि सहाने गुणून, सुमारे 62,308. एकूण 1,34,308 रुपये, चालू महिन्याचा पगार वेगळा. असे दोन-तीन जुने कामगार असतील तर रक्कम किती होते ते पाहा. हा आकडा बंद करण्याच्या आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ‘तोट्यात गेलो, मग भरपाई कसली?’ कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने व्यवसाय बंद पडला तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा येते. पण पैशांची अडचण, माल पडून राहणं, भाडेकराराची किंवा परवान्याची मुदत संपणं ही कारणं त्यात धरली जात नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरीपर्यंत शिरलं होतं. तशा पुरात हॉटेल उद्ध्वस्त झालं तर या मर्यादेचा दावा मांडता येईल. धंदा बसला, एवढ्यावर नाही.

उचल दिली असेल तर ती पगारातून वळती करता येते, पण एका पगारातली एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. उचलीची नोंद वहीत सहीसह नसेल तर ती सिद्ध करणं अवघड आहे. कामगाराची कागदपत्रं अडवून धरण्याचा प्रकार तर करूच नका.

हिशेब चुकता झाला की प्रत्येकाकडून तपशीलवार पावती घ्या. ‘सर्व हिशेब मिळाला’ एवढ्या एका ओळीवर अंगठा घेऊन भागत नाही. पगार किती, नोटिशीचे किती, भरपाई किती, ग्रॅच्युइटी किती, उचल किती वळती केली हे कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा आणि रक्कम बँकेतून द्या. प्रत्येकाला अनुभवाचा दाखला द्या, दुसऱ्या हॉटेलात त्याचा उपयोग होतो. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर पोर्टलवर प्रत्येकाची नोकरी सोडल्याची तारीख भरा. ती न भरल्याने कामगारांचे पैसे काढणं अडतं. त्यानंतर कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयाला आस्थापना बंद झाल्याचं कळवा. ईएसआय असेल तर तिथेही.

तुम्ही कामगार असाल आणि हा लेख वाचत असाल, तर हजेरी, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, मालकाचे मोबाइलवरचे संदेश, गणवेशातला फोटो यातलं जे असेल ते जपून ठेवा. नेमणूकपत्र नसलं म्हणून हक्क जात नाही. दाद सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते.

जागा सोडताना

लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर दोनच कलमं आधी वाचा: मुदतीआधी सोडता न येण्याचा काळ आणि नोटिशीचा काळ. सोडता न येण्याच्या काळात बाहेर पडलात तर उरलेलं भाडं मागितलं जाऊ शकतं. इथे भांडण्याऐवजी बोलणी करा. दुसरा भाडेकरू आणून दिलात तर बरेच मालक ही रक्कम सोडतात.

पेठांमधल्या जुन्या पागडीच्या जागांची गोष्ट वेगळी. तिथला भाडेहक्क हीच अनेकदा तुमची सगळ्यात मोठी मालमत्ता असते. घाईघाईने चावी देऊन टाकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना मोबदला घेता येतो, पण कागद वकिलाकडूनच करून घ्या.

ताबा देण्याच्या दिवशी:

1. रिकाम्या जागेचे, भिंती-फरशी-मोरीचे फोटो आणि व्हिडिओ काढा.
2. वीज मीटरचं वाचन दोघांच्या सहीने लिहा.
3. ताबापावती करा. तिच्यात तारीख, चाव्यांची संख्या, अनामतीची रक्कम आणि ती परत करण्याची तारीख असू द्या.
4. शक्यतो अनामतीचा धनादेश हातात घेऊन मगच चावी द्या.

मालक ‘रंगकाम, तोडफोड’ म्हणून अनामतीतून रक्कम कापत असेल तर बिलं मागा. वापराने होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. तोंडी आश्वासनावर महिनोन्महिने थांबू नका, वकिलाची नोटीस पाठवा.

घरफाळा करारानुसार कोणी भरायचा ते पाहून थकबाकी मिटवा. जागा तुमचीच असेल तर महापालिकेच्या घरफाळा विभागात वापर बदलल्याचा अर्ज द्या, नाहीतर व्यावसायिक दराने आकारणी चालू राहील. महावितरणकडे वीजपुरवठा कायमस्वरूपी खंडित करण्याचा अर्ज करा. नुसता वापर थांबवल्याने स्थिर आकार थांबत नाही. अंतिम बिल वजा जाऊन सुरक्षा ठेव परत मिळते, त्यासाठी ठेवीची पावती शोधून ठेवा. 19 किलोच्या सिलिंडरची ठेवही परत मिळते. एजन्सीकडे सिलिंडर, रेग्युलेटर आणि मूळ व्हाउचर जमा करावं लागतं.

जीएसटी: सगळ्यात जास्त फसगत इथे होते

व्यवसाय बंद झाल्यापासून तीस दिवसांत जीएसटी पोर्टलवर आरईजी-16 या नमुन्यात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करायचा असतो. त्याआधीची सगळी विवरणपत्रं भरलेली हवीत. अर्ज केल्यावर नोंदणी स्थगित होते आणि पुढची नियमित विवरणपत्रं भरावी लागत नाहीत. कंपोझिशन योजनेत असाल तरी अर्ज करावाच लागतो.

पुढचा टप्पा बहुतेक जण विसरतात. नोंदणी रद्द झाल्यावर नियमित करदात्याने (कंपोझिशनवाल्याने नव्हे) जीएसटीआर-10 हे अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत भरायचं असतं. रद्द होण्याची तारीख आणि आदेशाची तारीख यांतली जी नंतरची, तिथून हे तीन महिने मोजायचे. ‘रद्दचा आदेश आला, सुटलो’ असं समजून थांबलात तर नोटीस इथून येते. उशिराला दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क आहे, कमाल 10,000 रुपयांपर्यंत.

शिल्लक माल आणि यंत्रांवर पूर्वी करवजावट घेतली असेल तर ती ठरलेल्या हिशेबाने परत भरावी लागते. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या साध्या हॉटेलांना ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे त्यांच्यावर हा भार सहसा येत नाही. पण हॉटेलच्या जोडीला मिठाई, मसाले, चटणी यांची वेगळी विक्री असेल आणि तिच्यावर वजावट घेतली असेल तर सल्लागाराला हे आवर्जून सांगा.

काही मालक मुद्दाम काहीच करत नाहीत. विवरणपत्रं थांबली की अधिकारीच कधीतरी नोंदणी रद्द करेल, असा त्यांचा हिशेब असतो. सलग सहा महिने विवरणपत्र न भरल्यास अधिकारी नोंदणी रद्द करू शकतो, हे खरं. पण जुनी देणी आणि अंतिम विवरणपत्राची जबाबदारी त्याने संपत नाही. पुढे त्याच पॅनवर नवा व्यवसाय सुरू करायला गेलात की ही जुनी नोंद आडवी येते. या मार्गाने जाऊ नका.

झोमॅटो-स्विगीवरच्या ऑर्डरींचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून त्या कंपन्याच भरतात. तरीही ती विक्री तुमच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. नोंदणी रद्द करण्याआधी त्यांच्याकडचे मासिक अहवाल उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

बाकीचे परवाने

- अन्न परवाना: फॉसकॉस पोर्टलवर परत करण्याचा अर्ज. थकीत काही नाही याची खात्री आधी करा.
- दुकाने व आस्थापना नोंदणी: बंद केल्यापासून तीस दिवसांत कळवायचं.
- महापालिकेचा परवाना: परवाना विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायतीकडे, आणि तिथून बेबाकी दाखलाही घ्या.
- व्यवसायकर: यात दोन नोंदण्या असतात, कामगारांच्या पगारातून कापण्याची आणि तुमची स्वतःची. दोन्ही वेगवेगळ्या रद्द कराव्या लागतात. दुसरी विसरली की वर्षाला 2,500 रुपये थकत जातात.
- उद्यम नोंदणी, टॅन: छोटी कामं, पण करून टाका.
- कार्ड मशीन, साउंड बॉक्स: परत करून पावती घ्या. खात्यातून महिन्याचं भाडं कापलं जात राहतं.

परमिट रूम किंवा बिअर बार असेल तर सगळ्यात आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात जा. शिल्लक मद्य परस्पर विकणं किंवा ओळखीच्यांना वाटून टाकणं हा गुन्हा आहे. नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा जुळवून, विभागाच्या परवानगीनेच त्याची विल्हेवाट लावायची. या परवान्याला स्वतःची किंमत असते आणि तो विभागाच्या मंजुरीने हस्तांतरित होऊ शकतो. म्हणून तो परत करण्यापूर्वी हस्तांतराची शक्यता तपासा, आणि हा निर्णय 31 मार्चच्या आत घ्या. नूतनीकरणाची तारीख हुकली की हातातली किंमत जाते.

देणी, पतसंस्था आणि सावकार

पुरवठादारांना तोंड चुकवू नका. मटणवाला, किराणावाला, दूधवाला यांना स्वतः जाऊन भेटा आणि तारखेनिशी हप्ते लिहून द्या. त्यांच्याकडे पडलेले पुढच्या तारखांचे धनादेश आठवून आठवून परत घ्या. धनादेश न वटल्यास धनको बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘स्टॉप पेमेंट’ने यातून सुटका होत नाही.

बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर फ्रीज, भट्टी, टेबल-खुर्च्या बहुधा तारण असतात. लेखी परवानगीशिवाय त्या विकू नका. हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदतवाढ किंवा एकरकमी परतफेड याबद्दल अर्ज द्या.

आपल्या जिल्ह्यात सहकारी कर्जाला जामीनदार असतातच, आणि ते नात्यातले किंवा तालमीतले मित्र असतात. कर्ज थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारावरही निघू शकतो आणि त्याच्या पगारावर, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. म्हणून हॉटेल बंद करतोय हे जामीनदाराला तुमच्या तोंडून कळू द्या. नोटीस आल्यावर कळलं तर नातं तुटतं.

पीएमईजीपीतून अनुदान घेतलं असेल तर ते तीन वर्षं बँकेत अडकवलेलं असतं. त्याआधी व्यवसाय बंद केला तर अनुदान हातचं जाऊन सगळं कर्ज अंगावर येऊ शकतं. महिने थोडेच उरले असतील तर तारीख पुढे ढकलणं फायद्याचं ठरेल. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा घेत असाल तर बँक आणि महामंडळ दोघांनाही लेखी कळवा.

खासगी सावकाराचं देणं असेल आणि तो घरी येऊन धमकावत असेल, तर तो परवानाधारक आहे का ते तपासा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन किंवा घर परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. देणं थकलं म्हणजे अब्रू गहाण पडली असं कुणालाही वागू देऊ नका.

गिऱ्हाइकांचंही देणं असतं. मेसचे महिन्याचे आगाऊ पैसे, लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या ऑर्डरीचा विसार हे तुमचे पैसे नाहीत. शिकायला आलेल्या मुलांना दुसरी मेस शोधायला किमान पंधरा दिवस द्या.

भागीदारी असेल तर

दोन भावांनी तोंडी ठरवून हॉटेल बंद केलं, एवढ्याने भागीदारी संपत नाही. भागीदारी कायदा, 1932 नुसार जाहीर सूचना देईपर्यंत भागीदार एकमेकांच्या कृतीला बाहेरच्यांसमोर बांधील राहतात. म्हणजे भावाने नंतर संस्थेच्या नावावर माल उचलला तर बिल तुमच्याकडेही येऊ शकतं. विसर्जनाचा लेख करा. नोंदणीकृत संस्था असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांना कळवा, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी दैनिकात सूचना द्या. हिशेबाचा क्रम कायद्यानेच ठरवला आहे: आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी संस्थेला दिलेली उसनवार, मग भांडवल, आणि उरलं तर वाटणी. हा क्रम पाळला की घरातली निम्मी भांडणं टळतात. कंपनी किंवा एलएलपी असेल तर नाव कमी करण्याची प्रक्रिया वेगळी आहे, ती सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवाकडून करून घ्या.

वडिलांच्या नावावरचं हॉटेल

मालकाच्या मृत्यूनंतर मुलं हॉटेल तसंच चालवत राहतात आणि वर्षांनी अडकतात. अन्न परवान्यावर वारसाला साधारण नव्वद दिवसांची सवलत असते. तेवढ्यात तो नावावर करून घ्यायचा किंवा परत करायचा. जीएसटी नोंदणी वारसाने अर्ज करून रद्द करायची. हॉटेल पुढे चालवायचं असेल तर वारसाची नवी नोंदणी लागते, आणि चालवल्यास जुन्या कराची जबाबदारीही येते. हॉटेल बंद केलं तर ती वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित राहते. हा फरक समजून मगच ठरवा.

सामान, तेल आणि नाव

सामान शेवटच्या आठवड्यात काढलं तर भंगाराच्या भावात जातं. दोन महिने आधी यादी करा, फोटो काढा आणि नवं हॉटेल उघडणाऱ्यांपर्यंत ती हॉटेल मालक संघातून, ओळखीतून पोचवा. जीएसटी नोंदणी चालू असतानाच बिल करून विका. पुराचा किंवा आगीचा विमादावा चालू असेल तर सर्वेक्षण होईपर्यंत एकही वस्तू हलवू नका. वापरलेलं तळणाचं तेल गटारात ओतू नका, ते नाल्यांवाटे पंचगंगेत जातं. असं तेल गोळा करून जैवइंधनासाठी नेणाऱ्या अधिकृत संस्था आहेत. स्वस्तात मागणाऱ्या गाडेवाल्याला ते विकणं तर लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

नावाचा विचारही करा. वीस वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं नाव आणि मसाल्याची पद्धत यांना किंमत असते. ट्रेडमार्क असेल तर तो हॉटेल बंद झाल्यावरही तुमच्याकडे राहतो, विकता येतो. कुणी नुसतं ‘जुन्या नावाने चालवतो’ म्हणाला तर लेखी करार आणि मोबदला याशिवाय होकार देऊ नका.

सगळ्यात शेवटी बँक खातं

करंट खातं घाईने बंद करू नका. महावितरणची ठेव, कराचा परतावा, झोमॅटो-स्विगीची शेवटची रक्कम त्यातच येते. या सगळ्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत ते चालू राहू द्या. त्या वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र भरताना सामानविक्रीचे पैसेही दाखवा. जीएसटीची वहीखाती त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असतात. कामगारांच्या पावत्या, ताबापावती, परवाने रद्द झाल्याचे आदेश आणि बेबाकी दाखले एका फायलीत ठेवा आणि ती फाईल कुठे आहे हे घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

बंद करण्याचा विचार मनात असेल तर आज एवढंच करा. प्रत्येक कामगाराचं नाव, तो रुजू झाल्याची तारीख, पगार आणि उचल एका कागदावर लिहा आणि वर दिलेल्या हिशेबाने बेरीज काढा. तेवढी रक्कम हाताशी असतानाच हॉटेल बंद करण्याची तारीख ठरवा.